मुंबईचं रान कुणी राखलं?

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "मुंबईत एवढी गर्दी, मग बोरिवलीला बिबट्या राहतो तरी कुठे?" त्याचं उत्तर पाण्यात आहे. आज तीच गोष्ट सांगते.

पावणेदोनशे वर्षांपूर्वीची मुंबई विहिरी आणि तळ्यांवर जगत होती. वस्ती वाढली, पाणी आटलं. १८५०च्या दशकात दुष्काळ पडला, तेव्हा गुरं शहराबाहेर माहीमकडे हलवावी लागली. होड्यांतून पाणी आणून विहिरींत ओतलं. आपल्याकडे आज टँकर विहिरीत रिकामा करतात, तसंच.

मग सरकारनं उत्तरेच्या डोंगरात, मिठी नदीच्या उगमाकडे विहार तलाव बांधायला घेतला. काम १८५६ साली सुरू झालं आणि १८६०मध्ये मुंबईला पहिल्यांदा नळाचं पाणी मिळालं. तेही पुरेना, म्हणून १८७९मध्ये तुळशी तलाव झाला. पुढे ही तळी महापालिकेकडे आली.

बांध घातला म्हणजे काम संपत नाही. ज्या डोंगरावरचा पाऊस तळ्यात उतरतो, तो डोंगर उघडा पडला तर गाळ येतो. तिथं वस्ती झाली तर घाण येते. म्हणून विहार-तुळशीभोवतीचं रान राखलं गेलं. आज तेच रान संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहे, शंभर चौरस किलोमीटरच्या वर. बिबट्याला घर मिळालं ते असं. जवळच्याच पवई तलावाभोवती मात्र इमारती उठल्या. त्याचं पाणी आज कुणी पीत नाही.

आता आपल्या दाराशी येऊ. विहार आणि तुळशी मिळून आज मुंबईच्या पाण्यातले शंभरात तीन भागही देत नाहीत. बाकीचं पाणी ठाणे, पालघर, नाशिकच्या डोंगरांतून जातं. आपल्या शहापूर तालुक्यातला तानसा तलाव १८९२चा. मग मोडकसागर, भातसा, वैतरणा. तानसाभोवतीचं रान आज अभयारण्य आहे. म्हणजे शहराची तहान भागवणारं रान आता आपल्या शिवारात आहे. आणि एप्रिल-मे आला की त्याच शिवारातल्या बाया डोक्यावर हंडा घेऊन झऱ्याला रांग लावतात. मीही लावली आहे. रात्री दोनला उठून, वाटीनं पाणी भरत.

मुंबईवर माझा राग नाही. तिथं आपलीच भावंडं, लेकरं राहतात. पण या इतिहासातून मी दोन गोष्टी घेतल्या. एक, पाणी हवं तर त्याच्या वरचा डोंगर राखावा लागतो. आपल्या पाड्याच्या झऱ्यावर कोणता माळ आहे, तिथली झाडं कोण तोडतं, हे बघायला गटानं एकदा चालत जायला हवं. दुसरी, शहरानं पाणी मागितलं, अर्ज केले, म्हणून तलाव झाले. आपणही ग्रामसभेत उभं राहून मागितलं पाहिजे, आणि ते ठरावात लिहून घेतलं पाहिजे.

पुढच्या ग्रामसभेला हंडा घरी ठेवा, पण या नक्की.