वैद्याचें येणें व त्याची वसुली

देण्याघेण्याचे जुने कागद वाचतांना मुद्दल, व्याज व मुदत यांकडे आपलें लक्ष प्रथम जातें. देणें कशाबद्दलचें होतें व तें वसूल करण्यास कोण गेला, हे प्रश्न बहुधा मागें पडतात. वैद्याच्या येण्यासंबंधानें मात्र हेच दोन प्रश्न मुख्य होत. सावकाराकडे जाणारा मनुष्य भाव ठरवून कर्ज काढतो. रोग्यास वैद्याच्या दारीं भाव ठरविण्याची सवड नसते. तेव्हां अशा देण्यास इतर ऋणांप्रमाणेंच वसुलीचे उपाय लागू करावे कीं काय, याविषयीं निरनिराळ्या देशीं व काळीं काय निर्णय झाले तें या लेखांत क्रमानें मांडण्याचें योजिलें आहे.

आपल्याकडील सर्वांत स्पष्ट वचन चरकसंहितेचें आहे. चिकित्सास्थानाच्या पहिल्या अध्यायांतील चौथ्या पादांत या प्रश्नाच्या दोन्ही बाजू जवळजवळ आल्या आहेत. उपजीविकेसाठीं चिकित्सा विकणारा वैद्य सोन्याची रास सोडून धुळीची रास पदरांत घेतो, असें तेथें वैद्यास बजाविलें आहे. आणि वैद्याकडून उपचार करून घेऊन जो त्याची फेड करीत नाहीं, त्यानें आधीं वचन दिलेलें असो वा नसो, त्यास निष्कृति नाहीं, असें रोग्यास बजाविलें आहे. म्हणजे करार नसतांही देणें उत्पन्न होतें, हें ग्रंथकारास मान्य आहे. परंतु तें वसूल करण्याचा उपाय तो या ठिकाणीं सांगत नाहीं. देणेकऱ्याच्या धर्मबुद्धीवर तें सोडतो.

सामान्य ऋणाच्या बाबतींत स्मृतिकार इतके मवाळ नव्हते. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत धर्म, व्यवहार, छल, आचरित व बल असे वसुलीचे पांच उपाय सांगितले आहेत. त्याच अध्यायांत एकदम घ्यावयाचें व्याज मुद्दलासुद्धां दुपटीपलीकडे जाऊं नये असा निर्बंध आहे. हीच आपली दामदुपट होय. रकमेस मर्यादा घातली. उपायांस तितकी काटेकोर मर्यादा घातली नाहीं, असें यावरून दिसतें.

पेशवाईच्या अखेरीस ते उपाय कोणत्या रूपांत चालत होते, याचें वर्णन माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखासंबंधीं १८१९ सालीं केलेल्या अहवालांत आहे. त्यास तो तगादा म्हणतो. देणेकरी बरोबरीचा किंवा कमी दर्जाचा असल्यास त्यास घरांत अडकवावें, जेवूं देऊं नये, उन्हांत बसवावें. तो वरिष्ठ असल्यास त्याच्या उंबऱ्यावर पडून राहावें, दारांत आरडाओरड करावी, उपाशी बसावें व त्यासही उपास घडवावा. हें सर्व धनको स्वतः करी, अथवा दुसऱ्यांस लावून करवी. हें शेवटचें वाक्य ध्यानांत ठेवण्यासारखें आहे, कारण वसुलीसाठीं पदरीं ठेवलेला तिऱ्हाईत मनुष्य येथें आपणांस स्पष्ट भेटतो. पुढें १८६० च्या दंडसंहितेच्या ५०८ व्या कलमानें दैवी कोपाची भीति घालणें गुन्हा ठरविलें, आणि त्याच्या उदाहरणांत धरणें धरून बसणाराच घेतला आहे. ती संहिता १ जुलै २०२४ पासून रद्द झाली.

आतां इंग्लंडकडे वळूं, कारण अर्वाचीन बिलाचा उगम तेथें सांपडतो. तेथें फिजिशियन, म्हणजे पदवीधर वैद्य, व अपॉथेकरी, म्हणजे औषधें करून विकणारा, असे दोन वर्ग होते. लंडनचा विल्यम रोझ नांवाचा अपॉथेकरी जॉन सील या खाटकास सुमारें वर्षभर औषधें देत होता. सीलास गुण आला नाहीं, उलट सुमारें ५० पौंडांचें बिल आलें. पुढें कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या औषधालयांत तो दोन पौंडांहून कमी किंमतीच्या औषधांनीं बरा झाला. कॉलेजानें रोझवर विनापरवाना वैद्यकी केल्याचा खटला केला. परंतु १७०४ सालीं उमरावांच्या सभेनें रोझच्या बाजूनें निकाल दिला. अपॉथेकऱ्यास सल्ला देण्याची मुभा मिळाली, तरी त्याचें येणें मुख्यतः औषधांच्या किंमतीचेंच राहिलें. सल्ल्याचा मोबदला औषधांच्या रकमांत मिळविण्याचा मोह यांतूनच वाढला. त्या काळच्या इंग्रजी बिलांत काढ्यांची व गोळ्यांची लांबलचक यादी आढळल्यास ती केवळ रोगाच्या तीव्रतेचा पुरावा समजूं नये.

उलटपक्षीं, फिजिशियनची फी हा मानाचा नजराणा आहे, तिजबद्दल दावा चालत नाहीं, असा निर्णय चॉर्ली विरुद्ध बोल्कॉट या १७९१ च्या खटल्यांत झाला. १८१५ च्या कायद्यानें अपॉथेकऱ्यास प्रमाणपत्रावांचून बिलाचा दावा करण्याची मनाई झाली, आणि १८५८ च्या कायद्यानें नोंदणी झालेल्या सर्व वैद्यांस दाव्याचा हक्क मिळाला. मान गेला व येणें आलें, असें याचें सार सांगतां येईल. आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याच्या ७० व्या कलमानें, फुकट करण्याचा हेतु नसतां केलेल्या कामाचा लाभ घेणारानें मोबदला द्यावा असें ठरविलें. चरकानें पापाच्या भाषेंत सांगितलेली गोष्ट येथें न्यायालयाच्या भाषेंत आली.

येणें एकदां दाव्यास योग्य झालें कीं तें दुसऱ्याच्या हातीं सोपवितां येतें, विकतांही येतें. याचें टोक अमेरिकेंत दिसतें. तेथील ग्राहक-वित्त-संरक्षण खात्याच्या मार्च २०२२ च्या अहवालाप्रमाणें, जून २०२१ मध्यें लोकांच्या पतनोंदींवर औषधोपचाराचें ८८ अब्ज डॉलर देणें वसुलीस लागलेलें होतें. तेथें वसुली करणाऱ्या तिऱ्हाइतांस १९७७ च्या कायद्यानें आवर घातला आहे. सकाळीं आठापूर्वीं व रात्रीं नवानंतर सामान्यतः तगादा करतां येत नाहीं, धमकी देतां येत नाहीं, देणेकऱ्याची नांवें जाहीर करतां येत नाहींत. आणि वसुलीची सूचना मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आंत देणेकऱ्यानें लेखी हरकत घेतल्यास देण्याचा दाखला पाठवीपर्यंत वसुली थांबवावी लागते. एल्फिन्स्टननें वर्णिलेल्या उंबऱ्यावरील मनुष्यासाठीं कोणी नियम लिहिले असते, तर ते बहुतांशीं असेच झाले असते.

सारांश, वैद्याचें येणें खरें आहे हें चरकापासून आजपर्यंत कोणीं फारसें नाकारलें नाहीं. वाद आहे तो आजाऱ्याच्या दारीं कोणी, केव्हां व कोणता पुरावा घेऊन जावें, एवढ्यापुरता. म्हणून ज्यांच्या संग्रहीं वैद्यांच्या हिशेबाचे कागद असतील त्यांनीं केवळ बेरीज उतरून न घेतां औषधांची कलमें, पाठीवरील शेरे व तगाद्यास गेलेल्या इसमाचें नांव हींही नोंदून ठेवावीं. मराठेशाहींत वैद्यास इनाम किंवा वर्षासन देण्याचाही प्रघात होता; तेव्हां एखाद्या दप्तरांत येण्याची नोंद नाहीं, एवढ्यावरून चिकित्सा फुकट झाली असें अनुमान काढणें धाडसाचें होईल.