पुण्याची श्रोता मंडळे (१९५६) आणि आरोग्यप्रसारणाच्या परिणामाचा प्रश्न

भारतातील आरोग्यविषयक प्रसारणाचा विचार करताना अभ्यासक बहुधा दूरदर्शनच्या ‘हम लोग’पासून (१९८४) सुरुवात करतात. परंतु प्रसारण ऐकून लोकांचे ज्ञान आणि वागणे खरोखर बदलते का, हे मोजून पाहण्याचा एक मोठा प्रयत्न त्याआधी २८ वर्षे आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर झाला होता.

१९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात युनेस्कोच्या साहाय्याने हा प्रयोग करण्यात आला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या जिल्ह्यांतील सुमारे १५० गावे त्यासाठी निवडली होती. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा, असे एकूण २० कार्यक्रम झाले. विषय मुख्यतः शेतीचे होते. आरोग्य व ग्रामकारभार यांनाही जागा होती. गावातील मंडळी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, मग चर्चा करत आणि आपल्या शंका केंद्राला कळवत. त्यांची उत्तरे पुढील प्रसारणात मिळत. मूळ कल्पना कॅनडातील शेतकरी मंडळांची; पण आपल्याकडे चावडीवर बसून बोलायची सवय जुनीच असल्याने ती परकी वाटली नसावी.

मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेने पॉल न्यूराथ यांच्या मार्गदर्शनाखाली केले. मंडळे असलेल्या २० गावांची तुलना मंडळे नसलेल्या २० गावांशी केली गेली. या दुसऱ्या गटातील निम्म्या गावांत रेडिओ होता, हे विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात घ्यावे. मंडळांच्या गावांत ज्ञानात मोठी वाढ दिसली, इतरत्र ती नगण्य होती. म्हणजे नुसता रेडिओ पुरेसा ठरला नाही. ऐकलेल्यावर बोलणे होणे निर्णायक ठरले.

मात्र बोलायला बसत होते कोण? सभासद बहुतेक पुरुष होते. शेतीच्या विषयात हे एकवेळ चालून जाईल. परंतु पाणी गाळणे, तान्ह्या मुलाचे खाणेपिणे, बाळंतिणीची काळजी ही कामे ज्यांच्या हाती, त्या स्त्रिया चर्चेबाहेर राहिल्या. घरातल्या सवयी बदलायच्या असतील तर ही उणीव लहान नव्हे.

मध्य प्रदेशात पुढे याच बाबतीत वेगळा मार्ग दिसतो. दूरदर्शन व केंद्रीय आरोग्य मंत्रालय यांचा ‘कल्याणी’ हा कार्यक्रम २००२ मध्ये निवडक राज्यांत सुरू झाला. त्यांत मध्य प्रदेश होता. हिवताप, क्षयरोग, तंबाखू, माता-बालक आरोग्य हे त्याचे विषय. त्याभोवती गावोगावी ‘कल्याणी क्लब’ निघाले आणि त्यांत स्त्रियांना स्थान मिळाले. श्रोता मंडळाचीच ही रचना, पण स्त्रियांना आत घेणारी.

तथापि जबलपूरजवळच्या महाराजपुरासारख्या ठिकाणी आज कोणी याचा परिणाम शोधू लागला, तर त्याची अडचण न्यूराथांपेक्षा मोठी असेल. २००५ पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाच्या ‘आशा’ कार्यकर्त्या घरोघरी जाऊ लागल्या. एखाद्या घरात बाळाला वेळेवर लस मिळाली, तर ती पडद्यावर पाहून की आशाताईंनी दार ठोठावल्यामुळे, हे वेगळे काढण्यासाठी तुलनेला कार्यक्रम न पोहोचलेले गाव लागते, आणि तसे गाव आता सापडणे कठीण.