बेड्या आणि सामर्थ्य : 'वंडर वुमन'च्या प्रतिमेचा इतिहास

लोकप्रिय साहित्यातील एखादी व्यक्तिरेखा दीर्घकाळ टिकली, की त्याचे श्रेय सामान्यतः तिच्या आदर्शत्वास दिले जाते. १९४१च्या अखेरीस 'ऑल स्टार कॉमिक्स'मधून अवतरलेल्या 'वंडर वुमन' या अमेरिकन चित्रकथानायिकेचा इतिहास मात्र वेगळा निष्कर्ष सुचवितो. तिच्या चिरस्थायित्वाचे मूळ तिच्या प्रतिमेतील अंतर्विरोधात शोधावे लागते.

तिचा निर्माता विल्यम मोल्टन मार्स्टन हा मानसशास्त्रज्ञ होता आणि स्त्रीच्या भावी सत्तेवर त्याचा विश्वास होता. चित्रकार हॅरी पीटर याने पूर्वी ज्या 'जज' नियतकालिकासाठी काम केले, त्यात बेड्या तोडणाऱ्या स्त्रीचे चित्र मताधिकाराच्या चळवळीचे चिन्ह म्हणून प्रसिद्ध झाले होते. हेच चिन्ह चित्रकथेत द्व्यर्थी बनले. नायिकेच्या मनगटांतील कडी बंदुकीच्या गोळ्या परतवितात, त्याचबरोबर ती गतदास्याची खूणही आहेत. पुरुषाने ती साखळीने जखडताच तिचे सामर्थ्य लोपते. पानोपानी बांधली जाणारी ही नायिका मुक्तीचे रूपक मानावी की पुरुषी नजरेचे भोग्य, हा वाद मार्स्टनच्या हयातीतच सुरू झाला.

१९४७मध्ये मार्स्टनचे निधन झाल्यावर या प्रतिमेवर इतरांचा अधिकार आला. १९५४मध्ये फ्रेडरिक वर्थम याने तिच्या स्वावलंबनातच विकृती पाहिली. १९६८मध्ये तिची दैवी शक्ती व पोशाख काढून घेऊन तिला आधुनिक पेहरावातील सामान्य स्त्री करण्यात आले. लेखकांच्या दृष्टीने हे कालानुरूप परिवर्तन होते. ग्लोरिया स्टायनेम यांना ते सामर्थ्यहरण वाटले. १९७२मध्ये 'मिज्' मासिकाच्या मुखपृष्ठावर जुन्या वेषातील नायिका झळकली आणि १९७३मध्ये तिची शक्ती परत आली. लिंडा कार्टर हिच्या भूमिकेमुळे १९७५ ते १९७९ या काळातील दूरचित्रवाणी मालिकेने ती घरोघरी पोहोचविली.

वाद मात्र शमला नाही. २०१६मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने स्त्री-सबलीकरणाची मानद दूत म्हणून तिची निवड केली, तेव्हा संघाच्याच कर्मचाऱ्यांनी तिच्या देहप्रदर्शक रूपास आक्षेप घेतला. दोन महिन्यांच्या आत ते दूतपद संपुष्टात आले. पुढच्याच वर्षी पॅटी जेन्किन्स दिग्दर्शित चित्रपटाचे विपुल स्वागत झाले.

या इतिहासात बाजारपेठेचा वाटा मोठा आहे. परंतु केवळ बाजारपेठेने स्टायनेम यांच्या आग्रहाचा उलगडा होत नाही. दुसऱ्याने घडविलेली, विक्रीस मांडलेली प्रतिमाही वाचक स्त्रिया आपल्या गरजेनुसार हस्तगत करतात. तिच्यातील बेड्या त्यांना दिसत नाहीत असे नव्हे. त्या तोडण्याचा क्षण त्या अधिक मोलाचा मानतात. लोकप्रियतेची समीक्षा करताना या निवडीची दखल घेतली नाही, तर संहितेतील पुरुषी नजरेचा शोध लागेल, पण वाचक स्त्री पुन्हा एकदा अदृश्यच राहील.