लोणारचे जीव एसटीनं आले नव्हते

आजचा भाग माझ्याच एका चुकीपासून सुरू करते. मागे लोणारबद्दल बोलताना मी बिनधास्त म्हणाले होते, की २०२० मध्ये ‘नवे जीवाणू आले’ म्हणून सरोवर गुलाबी झालं. लोणारच्या माझ्या मावशीनं तो भाग ऐकला आणि फोन केला. “आले म्हणजे कुठून आले गं? एसटीनं?” मला उत्तर देता आलं नाही. मग वाचायला बसले.

जून २०२० आठवतोय ना? लॉकडाऊन, आणि सगळ्यांच्या फोनवर गुलाबी पाण्याचे फोटो. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाणी तपासलं, तेव्हा हॅलोआर्किया सापडले. हे मिठात रमणारे, गुलाबी रंगद्रव्य बनवणारे सूक्ष्मजीव. पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि यांचं फावलं. पाऊस पडल्यावर रंग ओसरला. म्हणजे कुणी बाहेरून आलं नव्हतं, आधीपासून असलेल्यांची संख्या वाढली होती. शिवाय हे जीवाणूही नव्हेत. आर्किया हा वेगळाच गट आहे, हे कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये दाखवलं. एका वाक्यात माझ्या दोन चुका.

पण मला खरा प्रश्न पुढे पडला. उन्हाळ्यात पाणी आटून खारट, पावसाळ्यात पातळ. अशा ठिकाणी टिकायचं कसं? दर ऋतूला नवी जनुकं तर आणता येत नाहीत.

या उत्तराचा इतिहास पॅरिसमध्ये सुरू होतो. १९६१ मध्ये फ्रान्स्वा जेकब आणि जॅक मोनो यांनी ई. कोलाय या जीवाणूवरून मांडलं, की काही जनुकांचं कामच दुसऱ्या जनुकांना चालू-बंद करण्याचं असतं. दुधातली साखर समोर असेल, तरच ती पचवायची यंत्रणा चालू होते. मग १९७५ मध्ये मेरी-क्लेअर किंग आणि ॲलन विल्सन यांनी माणूस आणि चिंपांझी यांची प्रथिनं ताडून पाहिली. ती ९९ टक्क्यांहून जास्त सारखी निघाली! मग आपण इतके वेगळे कसे? त्यांचं म्हणणं असं, की फरक मुख्यतः जनुकं कधी आणि किती चालतात यात असावा. माझ्या भाषेत सांगायचं तर कोड जवळपास तोच, कॉन्फिग फाइल वेगळी.

आता लोणारच्या या जीवांच्या भावकीत या. हॅलोबॅक्टेरियम नावाचा आर्किया आहे (नावात बॅक्टेरियम, पण जीवाणू नाही, हे बारसं कुणी केलं देव जाणे). त्याच्या एनआरसी-१ या वाणाचा पूर्ण जीनोम २००० मध्ये छापून आला. जनुक वाचायला सुरुवात कुठून करायची, हे ठरवायला मदत करणारं टीएफबी नावाचं एक प्रथिन असतं. कित्येक आर्कियांत ते एकच असतं. इथे सात! जुन्या जनुकाच्या प्रती झाल्या आणि मग एकेक प्रत थोडी थोडी बदलत गेली. खारट तळ्यांमधल्या वेगवेगळ्या भावंड प्रजातींत हा आकडाही वेगवेगळा आहे.

आम्ही असं कॉपी-पेस्ट केलं, तर रिव्ह्यूमध्ये शिव्या खातो.

सिॲटलमध्ये नितीन बालिगा यांच्या गटानं या सातही टीएफबींवर मीठ, आम्लता, तापमान आणि तांबं बदलून बदलून तब्बल २,४८८ प्रयोग केले. ते काम २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. एखादी प्रत कधी चालू होते किंवा कुणाला चिकटते, यातल्या बारीकशा बदलानंही तो जीव कुठल्या परिस्थितीत तग धरेल, हे पार बदलत होतं. त्यांनी एक टीएफबी स्वतः नव्यानं रचून, काहींचे स्विच बदलून हे करूनही दाखवलं.

गल्लत करू नका हं. लोणारचा रंग दिसला तो संख्या वाढल्यामुळे. ही स्विचची गोष्ट त्या प्रत्येक पेशीच्या आतली, अशा तळ्यात मुळात टिकून राहण्याची.

मावशीला फोन करून सांगितलं, की एसटीनं नाही आले, तिथलेच आहेत. ती म्हणाली, “ते मला माहीतच होतं. तू आधी तो जुना भाग नीट कर.” केलाय. त्याच्या वर्णनात दुरुस्ती टाकली आहे.