हिमयुग, वर्षावन आणि फळमाशी

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येस, क्वीन्सलँड राज्यात, केर्न्स शहराच्या आसपासच्या डोंगररांगांवर उष्ण कटिबंधीय वर्षावनांचा एक चिंचोळा पट्टा आहे. १९८८ मध्ये युनेस्कोने त्याचा समावेश जागतिक वारसा यादीत केला. ‘ड्रोसोफिला बिर्ची’ ही फळमाशी या वनांत राहते. फळमाशी म्हटले की आपल्याला आंबा पोखरणारी कीड आठवते. ही ती नव्हे. अतिपिकलेल्या केळ्यांभोवती घोंगावणाऱ्या चिलटांच्या कुळातली ही माशी आहे. दमट वनाबाहेर तिचा निभाव लागत नाही, म्हणून वनाचा इतिहास हाच बहुतांशी तिचाही इतिहास ठरतो.

हा इतिहास चढउतारांचा आहे. सुमारे २१ हजार वर्षांपूर्वी शेवटचे हिमयुग ऐन भरात होते. या भागात बर्फ साचला नाही, पण हवा थंड आणि कोरडी झाली, पाऊस घटला. अ‍ॅथर्टन पठारावरील लिंच विवराच्या गाळात पीटर केरशॉ यांना पुरातन परागकण सापडले. वर्षावनाच्या वृक्षांची जागा तेथे कोरड्या हवेत तगणाऱ्या निलगिरी वर्गातील वृक्षांनी घेतली होती, असे त्यांवरून दिसते. वर्षावन डोंगरमाथ्यांवरील ओलसर आश्रयस्थानांत आक्रसले आणि हिमयुग सरल्यावर पुन्हा पसरले.

अशा वेगळ्या पडलेल्या बेटांत प्राण्यांचे गट एकमेकांपासून दुरावतात. येथील काही सरडे आणि बेडकांच्या आनुवंशिक रचनेत या जुन्या ताटातुटीच्या खुणा स्पष्ट आढळतात. माशीतही तेच दिसेल, अशी अपेक्षा होती. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ती फोल ठरवली. बर्डेकिन नदीच्या परिसरातील कोरड्या पट्ट्याने वर्षावन दीर्घकाळ दुभंगलेले आहे, तरी त्याच्या दोन्ही बाजूंच्या माश्यांत लक्षणीय फरक आढळला नाही. मातेकडून येणाऱ्या मायटोकाँड्रियाच्या डीएनएत विविधता अल्प होती आणि तिची ठेवण पूर्वी संख्या मोठ्या प्रमाणावर वाढल्याचे सुचवणारी होती. वनाच्या तुकड्यांतून माश्या वेळोवेळी नष्ट झाल्या आणि इतर ठिकाणांहून पुन्हा येऊन वसल्या, किंवा अलीकडेच त्या दूरवर पसरल्या, असे अनुमान संशोधकांनी काढले. सरड्याला जे साधत नाही ते पिढ्या झपाट्याने वाढवणाऱ्या या इवल्या कीटकाला साधले असावे.

मग पुढच्या हवामान बदलातही ती तरेल काय? अ‍ॅरी हॉफमन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दिलेले उत्तर निराशाजनक होते. अत्यंत कोरड्या हवेत तगलेल्या माश्यांचीच पैदास त्यांनी ३० हून अधिक पिढ्या केली, तरी शुष्कता सोसण्याची क्षमता वाढली नाही. इतर गुणसूत्रीय खुणांत भरपूर विविधता असूनही या एका गुणापुरते भांडवल तुटपुंजे निघाले. मात्र त्या प्रयोगात हवेची आर्द्रता दहा टक्क्यांहून कमी होती. एवढी कोरडी हवा वर्षावनात येत्या काही दशकांत अपेक्षित नाही. २०१४ मध्ये बेलिंडा व्हॅन हीरवार्डन आणि कार्ला स्ग्रो यांनी आर्द्रता ३५ टक्के ठेवून प्रयोग केला, तेव्हा बिर्चीने आणि वर्षावनातीलच आणखी एका जातीने निवडीला स्पष्ट प्रतिसाद दिला.