अंधारातील उतरण

हेलिकॉप्टरचे नाव निघाले की एक समजूत आपल्या मनात येतेच: या यंत्राला धावपट्टी लागत नाही, तेव्हा ते कोठेही उतरेल. ही समजूत अर्धीच खरी आहे. धावपट्टी लागत नाही, जमीन मात्र लागते. आणि ती वैमानिकाला दिसावी लागते. खाली रोगी तळमळत आहे आणि रात्र पडली आहे, अशा वेळी या दोन अटींचे मोल कळते.

युद्धभूमीवरून जखमींना हेलिकॉप्टरने उचलण्याचा आरंभ ब्रह्मदेशात झाला. १९४४ च्या एप्रिलमध्ये कार्टर हार्मन या अमेरिकन वैमानिकाने जपानी फळीमागे अडकलेल्या चौघांची सुटका केली. यंत्र इतके दुबळे की एका खेपेस एकच माणूस नेता येई. दोघांना नेल्यावर इंजिन तापले आणि उरलेल्यांना सकाळची वाट पाहावी लागली. कोरियाच्या युद्धात हजारो जखमी या मार्गाने वाचले, तेही मुख्यतः दिवसाउजेडी. कारण त्या लहान यंत्रांत रात्रीच्या उड्डाणाची साधने नव्हती. रात्रीही जखमींना आणलेच पाहिजे, हा आग्रह व्हिएतनाममध्ये मेजर चार्ल्स केली यांनी धरला. १ जुलै १९६४ रोजी जखमींना घेण्यास गेले असताना गोळी लागून त्यांचा अंत झाला.

आता आपल्या ठाकुर्लीकडे वळू. मुंबईत विजेची आगगाडी १९२५ साली धावू लागली आणि रेल्वेला वीज पुरविण्यासाठी येथे चोळ्याचे वीजघर उभे राहिले. ते आज बंद आहे; पण रुळांवरच्या आणि खांबांवरच्या तारा गावाच्या चहूंबाजूंस आहेतच. तार ही वैमानिकाची मोठी वैरीण. दिवसा तो तार पाहत नाही, खांब पाहून तारेचा अंदाज बांधतो. रात्री खांबही हरपतो. २५ मे २०१७ रोजी निलंग्याला तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर उड्डाणानंतर तारांत अडकून कोसळले. सर्व जण बचावले. तो प्रकार भर दिवसाचा होता, हे विसरू नये.

तारेखेरीज जमिनीचे स्वतःचे कपट असते. उन्हाळ्यात पंख्याच्या वाऱ्याने धुरळा उठतो आणि अगदी शेवटच्या क्षणी वैमानिक आंधळा होतो. पावसाळ्यात भातखाचराच्या चिखलात एक चाक रुतते, दुसरे बांधावर चढते आणि यंत्र कलंडते. खाडीकाठच्या काळोखात जमीन आहे त्याहून दूर भासते. मदतीस धावलेले लोक मोटारींचे दिवे वर रोखतात, त्याने डोळे दिपतात. शेपटीचा फिरता पंखा तर कोणाला दिसतच नाही.

२६ जुलै २०१९ च्या रात्री याच मार्गाने गेलेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पुरात अडकली. गाडीत हजारावर प्रवासी होते, त्यांत गर्भवती स्त्रियाही होत्या. दुसऱ्या दिवशी नौदलाची व हवाई दलाची हेलिकॉप्टरे निघाली, परंतु प्रवासी बाहेर आले ते मुख्यतः रबरी बोटींतून. रात्र मात्र सर्वांना डब्यातच काढावी लागली.

मग आधीच जमीन सिद्ध का ठेवू नये? येथे इतिहास दुसरा प्रश्न विचारतो. कल्याणजवळ नेवाळीला दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने विमानतळासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या. त्या जमिनींवरून जून २०१७ मध्ये, म्हणजे सात दशकांनंतरही, रस्त्यावर उद्रेक झाला. सिद्ध जमीन ही कोणाची तरी जमीन असते. म्हणून आम्हांस वाटते की विस्तीर्ण तळांचा हव्यास नको. शाळेचे एखादे मैदान दिवसा पाहून ठेवावे, भोवतीच्या तारा नकाशावर नोंदाव्यात, दिवे कोठे व कसे ठेवायचे हे चार माणसांना शिकवावे. एवढ्याला संपादन लागत नाही, शिस्त लागते.

आणि एक शिस्त मनाचीही आहे. अमेरिकेतील अनेक सेवांत रोगी कोण, बालक की वृद्ध, हे वैमानिकाला मुद्दाम सांगत नाहीत. कळले तर करुणेपोटी तो नको ते धाडस करील, ही भीती असते. त्याला फक्त विचारतात: हवा कशी आहे, जागा कशी आहे, जाता येईल काय? तो ‘नाही’ म्हणाला तर त्याला कोणी निर्दय म्हणत नाही. रस्त्याने रुग्णवाहिका निघते. एका रोग्यासाठी आणखी चौघांचा बळी न देणे, हीही रुग्णसेवाच होय.