संगमावरचा एक कागद

दिवाळीच्या झाडलोटीत यंदा माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली उतरली आणि तिच्यातून पिवळा पडलेला ड्रॉइंगचा एक कागद निघाला. नातवाने विचारले, "आजोबा, ही कुठली नदी? नि घाटाखाली एवढी वाळू कशी?"

चित्र टोक्याच्या संगमाचे. रतनगडावर उगम पावलेली प्रवरा आमच्या नगर जिल्ह्यात, नेवासे तालुक्यात, गोदावरीला मिळते. तेथे सिद्धेश्वराचे पेशवाईतले देऊळ आणि नदीत उतरणारा दगडी घाट आहे. १९६४ च्या उन्हाळ्यात आमचे ड्रॉइंग मास्तर आम्हां सात-आठ मुलांना तेथे घेऊन गेले होते.

मास्तर मुंबईच्या जे. जे. मधले. तेथेच शिकून कोल्हापुरास परतलेले आबालाल रहिमान १९३१ साली वारले, तोवर कोटितीर्थाच्या परिसरात रमून निसर्ग रंगवीत राहिले. त्यांचे नाव घेताना मास्तर कानाची पाळी धरीत.

नियम एकच. एका कागदाला वीस मिनिटे. "ऊन तुमच्यासाठी थांबायचं नाही, बाळांनो!" कागद ओला करून आकाश आणि पाणी एकाच वॉशमध्ये सोडायचे, मग पैलतीर, शेवटी घाटाच्या सावल्या. पाण्यावरची चमक रंगवायची नाही; तेवढा कागद कोरा ठेवायचा. नगरच्या उन्हात रंग हां हां म्हणता वाळे, म्हणून हात चालवावाच लागे. मी मात्र पायऱ्या मोजीत बसलो. मास्तरांनी पेन्सिलच काढून घेतली! रागारागाने मी दुसऱ्या कागदावर दिसेल ते फासले: वाळू, खरबुजांच्या वाड्या, उथळ पाण्यातल्या म्हशी. तोच हा कागद. पायऱ्यांचा केव्हाच हरवला.

या जागेने मोडतोड पूर्वीही पाहिली आहे. पानिपतानंतर, १७६१ मध्येच, पुण्यावर चालून येणाऱ्या निजामअलीने टोक्याची देवळे फोडली. त्यामुळे त्याच्याकडचे मराठे सरदार बिथरले आणि रामचंद्र जाधव पेशव्यांना येऊन मिळाले. बखरकारांना फौजा दिसल्या. पण त्या देवळांचे एखादे चित्र काही माझ्या पाहण्यात आलेले नाही.

आमच्या सहलीनंतर वर्षभराने, १९६५ मध्ये, लालबहादुर शास्त्रींच्या हस्ते पैठणजवळ जायकवाडीची पायाभरणी झाली; १९७६ मध्ये धरण पुरे झाले. मराठवाड्याच्या तहानलेल्या शेतांना पाणी मिळाले, त्याचे मोल मोठे. पण धरणाचा फुगवटा संगमापर्यंत आला. काठची गावे उठली, आणि वाळूवरच्या वाड्यांच्या जागी पाणी पसरले.

नातवाला मी एवढे सांगितले. तो बराच वेळ कागद न्याहाळीत होता. मग म्हणाला, "आजोबा, म्हशी नीट नाही जमल्या."

भाऊबीज झाली की त्याला टोक्याला नेणार आहे. दोन बोर्ड, रंगांची पेटी आणि खिशात घड्याळ. वीस मिनिटे!